उत्तर : जुलैतला ‘प्रीमियम व्हॅली व्ह्यू’ आणि आमच्या ५८ पायऱ्या

तुम्ही मिरजेचे. वडिलांची पंच्याहत्तरी, जुलैचा तिसरा आठवडा, महाबळेश्वर, दोन रात्री, दोन खोल्या. तिन्ही वेळचं जेवण धरून खोलीमागे रात्रीचे ६,८०० रुपये, आणि २,००० जादा दिले तर ‘प्रीमियम व्हॅली व्ह्यू’. घ्यावी का, असं विचारलंय. आणि वडिलांचे गुडघे दुखतात हे अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. बाकीचे सगळे बाल्कनी आणि बाथटबवर बोलतायत. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी हॉटेलच्या धंद्यातली नाही आणि सीएही नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेच्या काउंटरवर २७ वर्षं काढलेली बाई आहे. त्यात आम्ही सातारकर महाबळेश्वरला राहायला जातच नाही. सकाळी डबा बांधायचा, मेढ्यावरून वर जायचं, भिजायचं, कणीस खायचं आणि रात्री आपल्या गादीवर येऊन झोपायचं. २०२३ साली सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि मुलांनी टूम काढली की आजीला एकदा वर राहायला न्यायचं. तोवर रिसॉर्ट ही चीज आम्ही लग्नाच्या हॉलसारखी बाहेरूनच बघितलेली.

बुकिंग केलं शहरातल्या बुकिंग ऑफिसमधून, फोनवर. नाव लिहीत नाही, भांडण नको. साधी खोली ७,२०० ला होती. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलला की विचारू नका. “मॅडम, आजी येतायत ना, मग फक्त दीड हजारात प्रीमियम करून देतो, बेडवरून दरी दिसते.” मी गिझर विचारला, टीव्ही विचारला, जेवणात कांदा-लसणाशिवाय मिळेल का तेही विचारलं. खोली आवारात नेमकी कुठे आहे, हे एवढंच विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाचे पैसे मी मोजले आणि सासूबाईंनी गुडघे मोजले.

आता हे कुणाच्याही डोक्यात यायला हवं होतं. रिसॉर्टचं रिसेप्शन आणि जेवणाचा हॉल रस्त्याला लागून असतो, कारण गाड्या तिथे येतात. दरी दिसायची तर खोली दरीच्या कडेला असणार, म्हणजे उताराच्या टोकाला. मधलं सगळं अंतर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचं. आमच्या ह्यांनी मोजल्या, ५८. जुलैत त्यांच्यावर शेवाळ धरलेलं, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला नुसतीच हायड्रेंजियाची झुडपं. बग्गी आहे म्हणाले होते. होती ना, गेटपासून रिसेप्शनपर्यंत.

पहिल्या दिवशी दोघांनी दोन बाजूंनी धरून सासूबाईंना खाली नेलं. खोली खरंच छान होती, खोटं कशाला बोलू. पण पॅकेजमधलं जेवण बुफे, ते वरच्या हॉलमध्ये, आणि तेही ठरलेल्या वेळेत. दिवसातून तीनदा ५८ पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. खोलीत ताट मागवलं तर ‘ट्रे चार्ज’ वेगळा. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई म्हणाल्या, तुम्ही जा, मी पडते. आम्ही जेवून आलो तर बाई पलंगावर मांडी घालून घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात होत्या. जेवणासकट ८,७०० रुपयांच्या खोलीत. समोर काचेबाहेर पांढरं फट्ट. त्या म्हणाल्या, “धुकं बघायला एवढे पैसे दिलेस होय गं? यवतेश्वरच्या घाटात फुकट मिळतं की.”

तर दरीचं हे असं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै म्हणजे त्यातलाही कहर. दोन रात्रींत आम्हाला दरी दिसली ती अंदाजे दहा मिनिटं, तीही मी आंघोळीला गेले होते तेव्हा. बाल्कनीत बसावं तर पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. पूर्वी तिथे पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झड्या बांधत, ते काही हौसेने नव्हे. ज्या बाजूने दरी दिसते त्याच बाजूने पुष्कळदा वारा झोडपतो, म्हणजे जादा पैसे देऊन तुम्ही ओली भिंत घेता. पाऊस थांबला की माकडं येतात, म्हणून दार बंदच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हीच खोली मी कदाचित घेईन. जुलैत नाही म्हणजे नाही. हे माझं मत आहे, नवीन लग्न झालेल्यांना धुकंच हवं असतं, त्यांनी जरूर घ्यावी.

आता हिशेब, कारण २,००० हे २,००० नसतात. इथे मी स्वतः काउंटरवरची बाई असून फसले. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटीचा दर कमी, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आणि तो १८ टक्के वरच्या तुकड्यावर लागत नाही, पूर्ण रकमेवर लागतो. आमच्या वेळी खालचा दर १२ टक्के होता. म्हणजे साधी खोली ८,०६४ ला पडली असती, प्रीमियम पडली १०,२६६ ला. दीड हजारांचं अपग्रेड २,२०२ रुपयांचं झालं, दोन रात्रींचे ४,४०४. मी ३,००० धरून चालले होते आणि चेकआउटला काउंटरवर उभी राहून बिल तीनदा बेरीज केलं.

तुमच्या बाबतीत फरक आणखी मोठा पडेल, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून खालचा दर ५ टक्के झालाय आणि वरचा १८ च राहिलाय. तुमची साधी खोली ६,८०० अधिक ५ टक्के, म्हणजे ७,१४०. प्रीमियम ८,८०० अधिक १८ टक्के, म्हणजे १०,३८४. फरक ३,२४४. दोन खोल्या, दोन रात्री, एकूण १२,९७६ रुपये. तुम्ही ८,००० धरले असतील. एवढ्यात तुमची मिरज ते महाबळेश्वर गाडी, पेट्रोल आणि वडिलांना एक चांगली शाल होते. एक सावधगिरी : आमच्या बिलात जेवणासकटची पूर्ण रक्कम धरून कर लावला होता. तुमच्याकडे खोली आणि जेवण वेगळं दाखवणार की एकत्र, आणि वडिलांसोबत कुणासाठी एक्स्ट्रा बेड घेतला तर त्याने ७,५०० ची रेघ ओलांडली जाते का, हे करासकट एकूण आकडा मागून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फोनवरचं ‘फक्त’ कुठल्याच बिलात छापून येत नाही.

मग अपग्रेड कधीच घेऊ नये का? तसं नाही. जादा पैसे देऊन खोली जेवणाच्या हॉलच्या शेजारी, तळमजल्यावर, पायरी न चढता मिळत असेल तर मी डोळे झाकून देईन, मग तिच्या खिडकीतून पार्किंग का दिसेना. बाथरूम मोठं, घसरणार नाही अशी फरशी आणि धरायला दांडी असेल तरी देईन. दोन खोल्यांऐवजी एकच मोठी फॅमिली रूम होत असेल तर तोही हिशेब मांडून बघा. पण ‘प्रीमियम’, ‘सुपर डिलक्स’, ‘रॉयल’ या नावांवर जाऊ नका. सरकार तारे देतं ते हॉटेलला, खोलीच्या नावाला कुणी विचारत नाही. एसीसाठी पैसे मागत असतील तर हसून सोडून द्या, जुलैत तिथे रात्री ब्लँकेट पुरत नाही. त्यापेक्षा विचारा की गरम पाणी कशावर आहे. नुसतं सोलर असेल तर आठ दिवस सूर्य नसताना पाणी कुठून तापणार? वीज गेल्यावर जनरेटर खोल्यांना चालतो की फक्त रिसेप्शनला, तेही विचारा. आमच्या त्या प्रीमियम खोलीत चादरी ओलसर होत्या, कपाट उघडलं की कुबट वास, आणि हीटर मागितला तर म्हणाले एकच आहे, तो वरच्या साध्या खोलीत दिलाय. वरच्या. साध्या.

तुम्ही शनिवार-रविवार टाळून जाणार असाल तर माझा सल्ला असा की साधी खोली बुक करा, पोहोचल्यावर वडिलांना लॉबीत चहा पाजा आणि तुम्ही एकटे खोल्या बघून या. पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. आवडलीच तर तिथेच भाव करा. आधी फोनवर पैसे भरून तुमचा भाव करायचा हक्कच जातो. शनिवारी गेलात तर मात्र हे चालणार नाही, तेव्हा खोली हॉलपासून किती पायऱ्यांवर, हे आधीच लिहून घ्या.

आम्ही बदलून मागितली नाही असं समजू नका. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी रिसेप्शनला सांगितलं की प्रीमियम नको, वरची साधी द्या, फरकही नको. रिसेप्शन म्हणालं, आमच्याकडे फक्त व्हाउचर आलंय, बदल बुकिंग ऑफिसच करेल. बुकिंग ऑफिस म्हणालं, गेस्ट चेक-इन झाले, आता रिसॉर्टच ठरवेल. सातला तो गोड बोलणारा मुलगा घरी गेला. सकाळपर्यंत वरची खोली दुसऱ्या कुणाला गेलेली. घरी येऊन ईमेल केली, तर ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो’. पुन्हा केली, तर व्ह्यू निसर्गावर अवलंबून असतो म्हणे. अहो, मी व्ह्यूबद्दल एक शब्द लिहिला नव्हता, पायऱ्यांबद्दल लिहिलं होतं! शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे हलले आणि १,५०० चं क्रेडिट व्हाउचर पाठवलं. मुदत सहा महिने, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. ते अजून ईमेलमध्ये पडलंय. माझी चूक म्हणाल तर तोंडी बोलण्यावर विसंबले. ‘वयस्कर व्यक्ती आहे, पायऱ्या नसलेली खोली हवी’ एवढी एक ओळ बुकिंगच्या वेळी लिहून दिली असती तर भांडायला कागद तरी होता.

असो, फार वाहवत गेले. जेवणाचं एक बघा. ‘ऑल इन्क्लुजिव्ह’ म्हणतात तेव्हा आपल्याकडे बहुधा तीन जेवणं एवढाच अर्थ असतो, त्याला एपी म्हणतात. एमएपी असेल तर नाश्ता आणि एकच जेवण. संध्याकाळचा चहा-भजी, पाण्याची बाटली, खेळ हे त्यात धरलंय का ते विचारून घ्या. आणि पहिलं जेवण दुपारचं की रात्रीचं? मिरजेहून तुम्हाला चार-साडेचार तास लागतील, वाटेत कराडला थांबणार. दुपारचा बुफे बंद झाल्यावर पोहोचलात तर ते जेवण गेलं, त्याचे पैसे कुणी देत नाही. तेव्हा रात्रीच्या जेवणापासून सुरू आणि शेवटच्या दिवशी दुपारी जेवून निघायचं, असं करून मागा.

वडिलांना पॉइंट दाखवायच्या फंदात पडू नका, जुलैत ऑर्थर सीटला जाऊन ढगच दिसणार. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात मात्र न्या. कृष्णा तिथे गोमुखातून येते. मिरजेच्या घाटावर जिचा पूर बघत माणूस म्हातारा झाला, ती तिथे एवढीशी धार असते. आमच्या सासूबाई पूर्ण सहलीत तिथेच काय त्या रमल्या. मंदिरातही पायऱ्या आहेत आणि ओल्या असतात, रबरी तळाची चप्पल आणि काठी बरोबर असू द्या. स्ट्रॉबेरी क्रीमच्या पाट्या दिसतील, पण फळाचा हंगाम हिवाळ्यातला, जुलैत मिळते ती फ्रीजरमधली. काससाठी वाट वाकडी करायची तर ऑगस्टअखेरीनंतर, आत्ता तिथे फुलं नाहीत.

कपडे दुप्पट न्या, तिथे रुमालसुद्धा वाळत नाही. जुनी वर्तमानपत्रं न्या, रात्री बुटात कोंबायला. आणि भडंग नेणारच तुम्ही, तर पाकिटात नेऊ नका, घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. आमचा चिवडा अर्ध्या तासात सादळला होता.