वाचक विचारतात : इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' आणि 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' (म्हणजे शिकवण्याची पद्धतशीर आखणी) अशी दोन्ही नावं अभ्यासक्रमांना दिसतात. कुठला घ्यावा?

उत्तर : नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा. गरज-विश्लेषण, मूल्यमापन आणि संशोधनपद्धती सक्तीचे आहेत का ते पाहा. निम्मे क्रेडिट सॉफ्टवेअर शिकण्यावर जात असतील तर सरळ दुसरा अभ्यासक्रम शोधा. ऑथरिंग टूल, म्हणजे ऑनलाइन कोर्स तयार करायचं सॉफ्टवेअर, घरबसल्या शिकता येतं, आणि ते बदलतही राहतं. पुढे पीएच.डी. करायची असेल तर प्रबंध असलेला अभ्यासक्रम घ्या. नोकरीच करायची असेल तर खऱ्या ग्राहकासाठी प्रकल्प करायला लावणारा.

प्रश्न : माझ्या पोर्टफोलिओत पाच ऑनलाइन कोर्स आहेत, सगळे देखणे. तरी प्रवेशाच्या मुलाखतीत 'यात डिझाइन कुठे आहे?' असं विचारलं. काय कमी पडलं?

उत्तर : तुम्ही पडदे दाखवलेत, निर्णय दाखवले नाहीत. पाचातले तीन काढून टाका आणि उरलेल्या दोनांचा प्रवास मांडा.

सुरुवात उद्दिष्टापासून करा. 'सूक्ष्मदर्शक समजेल' हे उद्दिष्ट नव्हे, कारण समजलं की नाही ते तपासायचं कसं? शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२मध्ये सांगितलेले उद्दिष्टाचे तीन भाग आजही पुरतात : कृती, परिस्थिती, निकष. म्हणजे 'कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी स्वतः तयार करून, सूचनापत्र न पाहता, पेशीभित्तिका स्पष्ट दिसेपर्यंत फोकस लावेल.' असं लिहिलं की पुढची चूक आपोआप उघडी पडते : सूक्ष्मदर्शकाच्या भागांची नावं विचारणारी बहुपर्यायी चाचणी हे कौशल्य मोजतच नाही. म्हणून चाचणी आधी, मजकूर नंतर.

मग स्टोरीबोर्डचं एखादं पान ठेवा : पडद्यावर काय, आवाजात काय, विद्यार्थी काय करतो, चुकल्यावर त्याला काय सांगितलं जातं. हा शेवटचा रकाना बहुतेकांचा 'पुन्हा प्रयत्न करा' एवढ्यावरच संपतो, आणि परीक्षक नेमका तोच वाचतात. आकृती समजावताना पडद्यावरचं वाक्य शब्दशः वाचूनही दाखवलं असेल तर पडद्यावरचं काढा. डोळ्यांना एकाच वेळी आकृती आणि मजकूर दोन्ही सांभाळावे लागतात. कॅप्शन मात्र हवेत, ते चालू-बंद करता येतील असे द्या.

शेवटी चाचपणी. दोन-तीन विद्यार्थ्यांना एकेकट्याने बसवा, मदत करू नका, कुठे अडतात ते टिपा. बदलापूर्वीचा आणि नंतरचा पडदा शेजारी-शेजारी ठेवा. पोर्टफोलिओतलं सर्वांत बोलकं पान हेच.

प्रश्न : प्रबंधासाठी 'मोबाइल ॲप विरुद्ध वर्गातलं अध्यापन' हा विषय घेतला, मार्गदर्शक नको म्हणतात.

उत्तर : बरोबर म्हणतात. माध्यम हे केवळ वाहन आहे, शिकवतं ते त्यातलं अध्यापन, हा शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांचा युक्तिवाद १९८३चा. त्यावर नंतर बराच वाद झाला, पण तुमच्या आराखड्यातली अडचण त्याने सुटत नाही. ॲपवाल्या गटाला सराव जास्त मिळतो, उत्तर लगेच कळतं, नावीन्यही असतं. गुण वाढले तर श्रेय कशाला देणार? शिवाय एक वर्ग इकडे, एक तिकडे असं केलंत तर फरक शिक्षकाचा की ॲपचा, तेही सांगता येणार नाही. त्यापेक्षा दोन्ही गटांना तेच ॲप, तेच प्रश्न द्या. एका गटाला फक्त 'चूक/बरोबर', दुसऱ्याला कारणासह उत्तर. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या.

प्रश्न : माझा लांबलचक स्कॉर्म १.२ (ऑनलाइन कोर्ससाठीचं एक तांत्रिक मानक) कोर्स मध्येच बंद केला की पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरू होतो. असं का?

उत्तर : बहुधा जागा संपते. या आवृत्तीत विद्यार्थ्याची प्रगती साठवायला ४०९६ अक्षरंच मिळतात. पडदे आणि प्रश्न वाढले की नोंद कापली जाते. कोर्सचे दोन-तीन भाग करा, किंवा एलएमएस (कोर्स ज्यावर चालतो आणि प्रगती नोंदली जाते ती प्रणाली) चालवून घेत असेल तर स्कॉर्म २००४च्या चौथ्या आवृत्तीत प्रकाशित करा. तिथे मर्यादा ६४,००० आहे.