मळभ गडगडत नाही

खानापूरकडच्या एका वाचकाने विचारलंय: हवामानाच्या अंदाजात 'आकाश अंशतः ढगाळ' असं येतं, त्यालाच मळभ म्हणायचं का? आणि गडगडणाऱ्या काळ्या ढगाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे का?

पहिल्याचं उत्तर, नाही. 'ढगाळ' हे माप आहे. हवामान खातं आकाशाचे 8 भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते बघतं. 3 ते 4 झाकलेले असले की 'अंशतः ढगाळ'. ढग कुठल्या जातीचे, पाऊस देणारे की नुसते फिरणारे, हे त्या शब्दात नसतं. 'अंशतः ढगाळ म्हणजे थोडासा पाऊस' असं लोक धरून चालतात, ते साफ चूक.

मळभ मात्र जात सांगतं. मल अधिक अभ्र. प्राकृतात अभ्राचं 'अब्भ' झालं आणि मराठीत त्याचा शेवटचा 'भ' तेवढा राहिला. 'आभाळ'सुद्धा ह्याच अभ्राच्या कुळातलं. मळकट, कडा नसलेलं, सगळीकडे सारखं पसरलेलं, उन्हाला अडवणारं पण स्वतः फार तर भुरभुरणारं ते मळभ. शास्त्राच्या भाषेत स्तरमेघ, जमिनीपासून 2 किलोमीटरच्या आतले. जुलै-ऑगस्टात बेळगाववर दिवसचे दिवस जे बसून राहतं, कपडे वाळू देत नाही, ते हेच.

आणि बातम्यांत काय ऐकतो? 'मळभ दाटलं आणि विजांचा कडकडाट सुरू झाला.' मळभातून वीज पडत नाही! विजेला उभा वाढणारा ढग लागतो; पायथा किलोमीटरभरावर, माथा 12 ते 15 किलोमीटरवर. एवढ्या उंचीवर बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार वेगळे होतात, मग वीज. मळभाला ती उंचीच नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळीव घेऊन येतो तो ढग वेगळा, त्याला स्पष्ट कडा असते, तो कुठून आला ते बोट दाखवून सांगता येतं.

त्या ढगाला परिभाषेत गर्जन्मेघ म्हणतात. पण बेळगाव, चिकोडी, हुक्केरीच्या माणसाला इतकं लांब जायची गरज काय? शेजारच्या कन्नड घरातला 'कार्मोड' आपल्या कानावरचा आहे. मोड म्हणजे ढग. आणि 'कार' म्हणजे काळेपण, काळा ढग, पावसाळा, सगळं एकाच अक्षरात. तमिळमध्येही 'कार' ह्याच तिन्ही अर्थांनी आहे, इतका तो जुना. 'मुन्' म्हणजे पुढचा, मुन् अधिक कार, मुंगारु: आधी येणारा, नैर्ऋत्येचा पाऊस. 'हिन्' म्हणजे मागचा, हिन् अधिक कार, हिंगारु: मागाहूनचा, ईशान्येचा. आपले शेतकरी मुंगारी-हिंगारी म्हणतात ते हेच. पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे शाळू पेरायचा तो हिंगारीच्या ओलीवर.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो शब्द: कारहुणवी. ज्येष्ठी पौर्णिमा, बैलांचा सण. हुणवी म्हणजे पौर्णिमाच! जुन्या कन्नडात शब्दाच्या आरंभी असलेला 'प' पुढे 'ह' झाला. तमिळ 'पत्तु' (दहा) कन्नडात 'हत्तु', 'पाल' (दूध) 'हालु', 'पुलि' (वाघ) 'हुलि'. तसंच पुण्णिमेचं हुण्णिमे, हुण्णिवे, आणि आपल्या तोंडी हुणवी. सोन्याचं 'पोन्' ह्याच वाटेने 'होन्नु' झालं आणि त्यातून शिवकाळातला आपला होन आला. म्हणजे कारहुणवी ही काळ्या ढगांची पौर्णिमा, पावसाळा दारात आला की येणारी.

हे न पटणारे जाणकार आहेत. त्या दिवशी बैल पळवून कर, म्हणजे आडवी बांधलेली दोरी, तोडतात, म्हणून 'करहुणवी', असं ते छापूनही टाकतात. मला हे अजिबात मान्य नाही. कर तोडणं आषाढातल्या बेंदरालाही होतं, त्या दिवसाला कुणी कारहुणवी म्हणत नाही. 'क'चा 'का' कसा झाला, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. शिवाय कन्नडात पौर्णिमांना नावं ठेवायची रीतच आहे: चैत्रातली दवनद हुण्णिमे, श्रावणातली नूल हुण्णिमे (नूल म्हणजे सूत), आश्विनातली सीगे हुण्णिमे. त्या रांगेत ज्येष्ठातली 'कार' ऋतूवरूनच आली. दोरी तोडायचा खेळ सणाला मिळाला, सणाचं नाव खेळावरून पडलं नाही.

ह्याच्याही पुढे जाऊन माझं मत असं की आपल्या 'काळा'चं मूळही ह्याच द्राविडी घरात शोधावं. संस्कृत 'काल'पाशी थांबणारे शोध अर्ध्यावर सोडतात; तो 'काल' तरी कुठून आला, हे विचारायलाच हवं. भाषाशास्त्रातल्या काहींनी तो द्राविडीतून आल्याचं मांडलंय, आणि कार, काळ् ही जोडी शेजारी ठेवली की मला तरी शंका उरत नाही.

मूळ प्रश्नातलं एक राहिलं. पत्रात 'मळभ आला' असं लिहिलंय. मळभ नपुंसकलिंगी: मळभ आलं, मळभ धरलं, मळभ गेलं.