बेचाळिसाव्या दिवसाचा रकाना

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत. बाळंतिणी आणि बाळांच्या नोंदीचे हे संशोधन सोडून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास धरावा का, गावोगाव हिंडून शेवटी 'फरक आढळला नाही' असेच निघणार असेल तर त्या हिंडण्याला अर्थ काय, आणि रुग्णावर उपचार न करता नुसती माहिती लिहीत राहणारा डॉक्टर हा डॉक्टर असतो का. पण ज्या गोष्टीने तुला खरोखर पोखरले आहे ती तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहेस : बाळंतपणानंतरच्या बेचाळिसाव्या दिवसाचे उरलेले फॉर्म नवऱ्याला किंवा सासूला फोन करून महिनाअखेर पुरे करा असे वरून सांगितले आहे, आणि एवढ्याने काय बिघडते असे तुलाही अधूनमधून वाटू लागले आहे. मी आधी त्याच ओळीचे उत्तर देते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची मुळे तिथेच आहेत.

बिघडते, आणि फार बिघडते. बाळंतिणीला आणि बाळाला पाहिल्याशिवाय शेवटचा रकाना भरायचा नाही.

हे काम कशासाठी करायचे ते तुला सांगायची गरज नाही. ते तुला कळत नसते तर तू हे पत्रच लिहिले नसतेस. म्हणून सरळ कामाचे बोलते. गरोदर बाईची नोंद होता होईल तेवढी लवकर करायची आणि बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत तिची व बाळाची खबर ठेवायची, एवढ्या एका अटीवर आपली नोंदवही उभी आहे. मातामृत्यूची जगभर मानलेली व्याख्या त्याच मुदतीची आहे, आणि बाळाचा अठ्ठावीस दिवसांचा नवजात काळही तिच्या आत संपतो. त्या दिवशी ज्या बायका सापडत नाहीत त्या कोण असतात, याचा विचार तू शांतपणे केला आहेस का?

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते, आणि तिचे माहेर पुष्कळदा चंदगडला किंवा गडहिंग्लजला असते. तिचे तायी कार्ड, म्हणजे गरोदर मातेच्या नोंदीचे सरकारी कार्ड, कर्नाटकाचे, बाळंतपण महाराष्ट्रातल्या दवाखान्यात, बाळाच्या जन्माची नोंद तिकडच्या दप्तरी. सव्वा महिना ती घराबाहेर पडत नाही आणि तिसऱ्या महिन्याआधी सासरी परतत नाही. आपल्या इकडच्या आशाताईला तिचे पुढे काय झाले ते ऐकूनच ठाऊक असते. दुसरी ऊसतोडीच्या टोळीतली. अथणी-रायबागकडे गळीत हंगाम चालू असतो तोवर ती फडाजवळच्या खोपीत राहते, गावाच्या कुठल्याच यादीत नसते, आणि हंगाम संपला की टोळीबरोबर निघून जाते. तिसरी जी आहे तिच्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तिचे बाळ गेलेले असते. त्या घरात परक्या माणसाचा फोन आला तर नवरा 'सगळे बरे आहे' एवढे म्हणून फोन ठेवतो, कारण जे झाले ते तो फोनवर कोणाला आणि का सांगेल? आणि बाई स्वतःच गेली असेल तर तो नंबरच पुष्कळदा लागत नाही. म्हणजे मृत्यू जिथे दाटून असायचे, नेमके तेच फॉर्म तुझ्याकडे उरलेले आहेत, आणि ते फोनवरून 'बरे आहे' असे भरायला तुला सांगितले जात आहे. शंभरातले पाच फॉर्म अंदाजाने भरले तर पाचच टक्के चूक होईल असा हिशेब कोणी तुला दाखवला, तर त्याला विचार की त्या पाचांत मृत्यू किती आणि उरलेल्या पंच्याण्णवांत किती. आपल्या अभ्यासातला फरक हजारी दोन-चार मृत्यूंचाच असतो. तो सगळा त्या पाच फॉर्ममध्ये बुडू शकतो.

पाहणे म्हणजे काय, तेही लिहून ठेवते, कारण उंबऱ्यावर उभे राहून 'बाळ कसं आहे?' विचारणे हे पाहणे नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या भेटीचेच घे : बाळंतिणीच्या खोलीत शेगडी धुमसत असते, खिडकी लावलेली असते, आणि बाळ कुंची, झबले आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेले असते. वजनाचे नाव काढले की आजी म्हणते, तसेच करा, उघडे केले की दृष्ट लागते, गार वारा लागतो. तसेच वजन केलेस तर काटा अडीच किलोच्या वर जाईल, आणि सगळे कपडे उतरवून केलेस तर तेच बाळ दोन हजार चारशे ग्रॅमचे निघेल. अडीच किलोची रेघ ही जन्मतः कमी वजनाच्या बाळाची रेघ आहे. कुंचीसकट वजन केलेस की ते बाळ तुझ्या तक्त्यात सुदृढांच्या रांगेत जाऊन बसते. आजीशी बोल. तिच्या हाताने तीट लावून घे, शेगडी जवळ ओढ, काटा शून्यावर आण, बाळ उघडे करून झटकन वजन घे आणि लगेच आईच्या अंगाशी दे. याला वेळ लागतो. लागू दे.

तू म्हणशील, रकान्यावरून इतका आग्रह कशाला? आपल्याच जिल्ह्यात घडलेले सांगते. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधून बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली. एएनएम सिस्टरांनी, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका-सुइणींनी, ज्यांची बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात केली अशा १,६२० बायका तिच्यात होत्या. निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. हे सारे लोकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, त्या सिस्टर रक्त डोळ्यांनी अंदाजून लिहीत नव्हत्या. बाईच्या कमरेखाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवीवजा चादर घातली जाई आणि तिच्यात साठलेले रक्त मोजले जाई. नुसत्या नजरेचा अंदाज आणि त्या चादरीतले माप जेव्हा ताडून पाहिले, तेव्हा नजर ३३ टक्के कमी सांगते असे दिसले. अनुभवी डोळासुद्धा एक तृतीयांश रक्त पाहत नाही! कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन नजरेने ठरवलेले आपल्याकडचा एकही शेतकरी चालवून घेणार नाही. बाईच्या रक्ताच्या बाबतीत मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या ते चालवून घेतले. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांमध्ये अशाच मापाच्या चादरीने रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरली गेली, आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. मोजले, म्हणून ते हाती आले.

दुसरे उदाहरण बाळांचे आहे, आणि ते आठवले की माझे मन अजून थाऱ्यावर राहत नाही. सहा देशांच्या ग्रामीण भागांत बाळंतपण करणाऱ्यांना नवजात बाळाच्या प्राथमिक काळजीचे प्रशिक्षण दिले गेले; बेळगावही त्यात होते, आणि निष्कर्ष २०१० मध्ये आले. पहिल्या आठवड्यातले मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. पण मृत जन्मलेल्यांचे प्रमाण हजारी २३ वरून १५.९ वर उतरले. पोटात गेलेले बाळ बाळंतपणानंतरच्या प्रशिक्षणाने कसे वाचेल? याचे एक उत्तर असे की, जी बाळे रडली नाहीत म्हणून मेलेली समजली जात होती, त्यांतली काही जिवंत होती. आता त्यांना कोणीतरी पुसले, चोळले, नाळेवर बोट ठेवून ठोके पाहिले, पिशवीने श्वास दिला. 'मेलेलंच जन्मलं' असे वहीत लिहून ज्यांना बाजूला ठेवले गेले, त्यांच्याकडे नीट पाहिले गेले नव्हते. सासूच्या फोनवरच्या 'मेलेलंच झालं' या दोन शब्दांवर तू कुठल्या रकान्यात खूण करणार आहेस? रडले होते का, हातपाय हलवले होते का, कातडी सुटलेली होती का, हे त्या घरात बसून, त्या बाईजवळ बसून विचारावे लागते.

तिसरे उदाहरण तुझ्या 'फरक आढळला नाही'साठी. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली की बाळाची फुप्फुसे तयार होतात, हे मोठ्या रुग्णालयांत सिद्ध झालेले होते. तेव्हा खेड्यापाड्यांतही ती द्यावीत हे इतके उघड वाटत होते की चाचणीत वेळ कशाला घालवता असे म्हणणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत. बेळगाव आणि नागपूरसह सहा देशांत ती चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला : अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकंदर नवजात मृत्यू इंजेक्शनांच्या गटात हजारी २७.४, तर दुसऱ्या गटात २३.९. म्हणजे मृत्यू वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. हे कळले कसे? ज्यांना इंजेक्शने मिळाली त्यांतल्या बहुतेकींची बाळे लहान नव्हतीच, आणि त्या भल्याचांगल्या दिसणाऱ्या बाळांचीही अठ्ठाविसाव्या दिवसाची नोंद ठेवलेली होती म्हणून. लहान बाळांपुरतीच खबर ठेवली असती तर अपाय कोणाला दिसलाच नसता, आणि कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला असता. पुढे सोनोग्राफीने दिवस पक्के करून, नवजात अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयांत हीच कल्पना पुन्हा तपासली गेली. बेळगाव त्यातही होते, आणि २०२० मध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याच्या बेतात असलेल्या बायकांच्या बाळांतले नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. औषध तेच. कोणाला, कुठे आणि काय सोय असताना द्यायचे हे ठरले ते बाळे एकूण एक मोजल्यामुळे.

म्हणून 'फरक नाही' या शब्दांनी खचू नकोस. बेळगाव-बागलकोटच्या खेड्यांत आशा आणि एएनएमनी घरोघरी रक्तदाब तपासून गरोदरपणातल्या झटक्यांचा धोका ओळखण्याचा जो अभ्यास केला, त्यातही एकंदर परिणामांत फरक पडला नाही. बायका ओळखल्या गेल्या, पण वर पाठवल्यावर पुढची सोय तेवढीच राहिली तर नुसत्या ओळखण्याने किती साधणार, हा प्रश्न त्यातून सरकारपुढे मांडता येतो. पण तो मांडण्याचा अधिकार ज्याचे रकाने खरे आहेत त्यालाच. अंदाजाने भरलेल्या फॉर्मांतून आलेले 'फरक नाही' कवडीमोलाचे असते, कारण फरक खरोखर नव्हता की आपण तो पुसून टाकला हे कोणीच सांगू शकत नाही.

या हट्टापायी मी काय गमावले तेही तुला कळले पाहिजे. एका संस्थेत माझ्यावर 'कामे अडवून धरणारी' असा शेरा बसला, आणि ज्या मैत्रिणीबरोबर मी अर्धे आयुष्य काम केले ती पुऱ्या झालेल्या फॉर्मांच्या महिनाअखेरच्या टक्केवारीवरून झालेल्या भांडणानंतर माझ्याशी पुन्हा बोलली नाही. ती आता नाही. तिच्याशी समेट झाला नाही याचे दुःख मला आहे, पण त्या दिवशी मी त्या टक्केवारीवर सही करायला हवी होती असे मला आजही वाटत नाही. अभ्यास लांबला, खर्च वाढला, लोक म्हणतात ते सगळे खरे आहे. पण कणकुंबीकडच्या पावसात ओढा ओलांडून मिळालेले उत्तर आणि फोनवर मिळालेले उत्तर यांची किंमत एक आहे असे मला कोणी अजून पटवून दिलेले नाही. माझी खरी खंत वेगळीच आहे. ज्या बायकांनी आम्हाला घरात घेतले, पोट तपासू दिले, बाळ उघडे करू दिले, त्यांना निकाल सांगायला परत जायची तरतूद बहुतेक अभ्यासांत नव्हती. निकाल इंग्रजीत छापले गेले, आणि निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईला तिच्या कष्टातून जगाला काय कळले हे कोणी मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितले नाही. तुझ्या पत्रातल्या त्या बाईने 'तुम्ही एवढं लिहिता, आमाला काय मिळतं?' असे विचारले, त्यावर तू गप्प राहिलीस, ते बरे झाले. खोटे आश्वासन देण्यापेक्षा ते चांगले. पण निकाल लागल्यावर तिच्या घरी जा.

पदव्युत्तर शिक्षणाचे म्हणशील तर अवश्य कर. चांगल्या प्रसूतितज्ज्ञांची आपल्या तालुक्यांना गरज आहेच. फक्त या फॉर्मांपासून सुटका म्हणून जाऊ नकोस, कारण तिथेही केसपेपर असतात, तिथेही कोणीतरी 'भरून टाका' म्हणतेच. आणि रुग्णाला हात न लावणारा डॉक्टर, हे तुझे वाक्य मला आवडलेले नाही. त्या चादरीतले रक्त मोजणाऱ्या सिस्टरांनी जितक्या बायकांचा जीव राखला, तितक्यांचा एका डॉक्टरच्या हातून आयुष्यभरात राखला जाणे कठीण आहे.

आता करायचे ते सांगते. वरिष्ठांशी वाद घालण्याआधी उरलेल्या फॉर्मांची यादी कर आणि प्रत्येक नावापुढे बाई कुठे आहे ते लिही : सासरी, माहेरी, टोळीत, ठाऊक नाही. जिथे पोहोचता येते तिथे जा. जिथे कोणत्याही उपायाने पोहोचता येत नाही तिथे फोन कर, पण मग फॉर्मवर 'फोनवरून, नवऱ्याच्या सांगण्यानुसार' असे स्पष्ट लिही, तारीख टाक आणि स्वतःची सही कर. आणि काहीच कळले नाही तर 'माहिती मिळाली नाही' असे लिही. कोरा रकाना लाजिरवाणा नसतो, विश्लेषण करणारा त्याचा हिशेब करू शकतो. खोट्या भरलेल्या रकान्याचा हिशेब कोणालाच करता येत नाही. वरून दडपण आले तर आदेश लेखी मागून घे. बहुधा तो लेखी मिळणार नाही.

चंदगड-गडहिंग्लजकडच्या माहेरवाशिणींची नावे मला वेगळी पाठव. तिकडच्या काही आशाताई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या घर दाखवतील, पण बाळ पाहायला तुलाच जावे लागेल. पाऊस लागायच्या आत जांबोटी-कणकुंबीची घरे उरकून घे, नंतर तिकडचे रस्ते भरवशाचे नसतात. काटा नेण्याआधी एकदा ठाऊक वजन ठेवून तपासून घे.

तुझी,
मॅडम