आमदार-खासदारांनी सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की अधिवेशनात टीव्हीवर नुसता आरडाओरडा दिसतो, मग दवाखाने, शाळा, पीक विमा, रस्ते, पाणी अशा विषयांवर एखादा आमदार मंत्र्याला प्रश्न विचारतो त्याने सामान्य माणसाला काही फरक पडतो का, की सगळा शो असतो.

फरक पडतो. पण जो भाग टीव्हीवर दिसतो त्यात फारसा नाही. मी काही वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात प्रश्नांचे मसुदे करायचं काम केलंय (नाव सांगत नाही, पक्ष तर अजिबात नाही), त्यामुळे ही गंमत आतून पाहिलेली आहे.

आधी आपल्या विधानसभेचं सांगतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर, विषय संपला. तारांकितचा एक ठरलेला साचा आहे आणि तो वर्षानुवर्षं तसाच चालत आलाय. "सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात, मग एक, अमुक तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदं रिक्त आहेत हे खरे आहे काय, दोन, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, तीन, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि शेवटी ते सुप्रसिद्ध "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तरांचाही साचा आहे. "हे खरे आहे" क्वचित येतं. "हे अंशतः खरे आहे" हे सगळ्यांचं लाडकं, कारण त्यात कोणता अंश खरा ते सांगायची सक्ती नसते. आणि पहिल्याच मुद्द्याला "हे खरे नाही" असं लिहून टाकलं की खालच्या सगळ्या मुद्द्यांसमोर एकच ओळ येते, "प्रश्न उद्भवत नाही." नवखा आमदार इथेच गार होतो. म्हणून प्रश्न लिहितानाच पहिला मुद्दा असा ठेवायचा की त्याला नाही म्हणताच येऊ नये. "आरोग्य सेवा कोलमडली आहे हे खरे आहे काय" असं विचारलं की संपलंच, खरे नाही. त्याऐवजी मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि रिक्त कोणत्या महिन्यापासून, एवढंच विचारायचं. आकड्याला "खरे नाही" म्हणता येत नाही ना.

पण खरा इफेक्ट उत्तर यायच्या आधीच होतो, आणि हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला पत्र जातं, हल्ली आधी व्हॉट्सअॅपवर फोटो आणि मग पत्र. सरकारी ऑफिसात याला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेतला प्रश्न) म्हणतात. "एलएक्यू आलाय" म्हटलं की जेवणाची सुट्टी विसरून क्लार्कपासून साहेबापर्यंत सगळे कपाटं उघडून बसतात, कारण माहिती त्याच दिवशी, कधीकधी त्याच तासात वर पाठवायची असते. आम्ही एकदा एका ग्रामीण रुग्णालयातल्या अॅम्ब्युलन्सबद्दल प्रश्न टाकला होता, टायर नाहीत म्हणून कित्येक महिने ती आवारात उभी होती, खाली गवत वाढलेलं, गावातले लोक अर्ज करून करून थकलेले. प्रश्न लागल्याचं कळल्यावर आठवड्याच्या आत चार टायर आले, ड्रायव्हर आला, गाडी धावायला लागली, आणि मग छापील उत्तर काय आलं तर "हे खरे नाही, रुग्णवाहिका कार्यरत आहे." आमदारसाहेब भडकले होते की मला खोटं पाडलं म्हणून. मी म्हटलं साहेब पडू द्या, गाडी चालू झाली ना. आता ही गोष्ट कोणत्या बातमीत येणार? रेकॉर्डवर तर प्रश्नच चुकीचा होता असं दिसतं.

आता सभागृहातला भाग. छापील उत्तर सगळ्यांच्या हातात असतंच, त्यामुळे खरी लढाई उपप्रश्नात होते. मंत्र्याला ब्रीफिंग झालेलं असतं, अधिकारी त्यांच्या गॅलरीत फायली घेऊन बसलेले असतात, तिथून चिठ्ठ्या येत राहतात. बरेच आमदार इथे पाच मिनिटं भाषण ठोकतात, मग अध्यक्ष म्हणतात "सन्माननीय सदस्य, प्रश्न विचारा", आणि ते घाईघाईत "शासन काय कारवाई करणार" असं काहीतरी विचारून बसतात. यावर मंत्र्याचं उत्तर तयारच असतं, तपासून घेतलं जाईल, उचित कारवाई केली जाईल, दोषींना सोडणार नाही, टाळ्या. मुरलेला आमदार मात्र दोन वाक्यांत विचारतो, अध्यक्ष महोदय, माझा स्पेसिफिक प्रश्न आहे, जाहिरात कोणत्या तारखेपर्यंत काढणार? बस्स. मंत्री तारीख बोलून गेला की ते आश्वासन झालं, रेकॉर्डवर आलं, आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. लोकसभेतही अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं अशी अपेक्षा असते. पुरी होतात का सगळी? नाही, मुदतवाढीवर मुदतवाढ चालू असते. पण मागे लागायला हातात कागद तर असतो.

प्रश्न कसा विचारलाय यावर काय मिळतं हे बघायचं असेल तर माझं आवडतं उदाहरण संसदेतलं आहे, सप्टेंबर २०२० चं. कोविडमुळे त्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून निघालेले मजुरांचे लोंढे आपण सगळ्यांनी पाहिलेत. १४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का. उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि भरपाईचं म्हणाल तर वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. बघा, तोच साचा! मग त्याच आठवड्यात राज्यसभेत तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नावर रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचं लेखी उत्तर आलं, श्रमिक स्पेशल गाड्यांमधून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. सरकार तेच, आठवडा तोच. पण मोघम विचारलं तर आकडा नाही आणि नेमकं रेल्वेला, नेमक्या गाड्यांबद्दल विचारलं तर आकडा आला, कारण रेल्वेत मृत्यू झाला की पोलिसांकडे नोंद होते, म्हणजे कागद कुठेतरी असतोच. प्रश्न कोणत्या खात्याला टाकायचा हे ठरवण्यातच अर्धं काम होतं.

उलटं उदाहरणही देतो. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत आरोग्य खात्याकडून उत्तर आलं की ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री भारती पवार, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या. त्याच नाशकात एप्रिलमध्ये झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण गेले होते. लोक खवळले ते साहजिकच होतं, पण नियमाच्या चौकटीत उत्तराला खोटंही म्हणता येत नव्हतं, कारण आरोग्य राज्याचा विषय, राज्यांनी जे कळवलं तेवढंच केंद्र सांगणार, आणि गळती वेगळी, कमतरता वेगळी. माझं मत विचाराल तर असलं उत्तर म्हणजे शुद्ध हात झटकणं आहे. पण त्या उत्तरामुळेच कळलं ना की राज्यांनी, वेगवेगळ्या पक्षांच्या राज्यांनी, तशी नोंदच पाठवलेली नव्हती. वाईट उत्तरसुद्धा माहिती देतं, वाचता आलं पाहिजे.

मोठ्या भानगडीही अशाच साध्या प्रश्नातून निघाल्यात. मुंदडा प्रकरण ऐकलं असेल. १९५७ मध्ये राम सुभग सिंग यांनी लोकसभेत विचारलं की सरकारी विमा कंपनी एलआयसीचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गेलाय का, उत्तरं गुळमुळीत आली, आणि मग डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि वर पंतप्रधानांचे जावई, म्हणजे गप्प बसायला दोन-दोन कारणं होती. सहा कंपन्यांत मिळून सव्वा कोटीच्या आसपास रक्कम, आज किरकोळ वाटेल. चौकशीला मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा एकसदस्यीय आयोग बसला, सुनावणी मुंबईत आणि जाहीर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आज सत्ताधारी बाकावरचा कोण असं विचारेल? सत्ताधाऱ्यांचे बरेचसे प्रश्न म्हणजे "मंत्रीमहोदयांचं अभिनंदन करून मी विचारू इच्छितो" या टाइपचे असतात, ते ऐकताना मला झोप येते.

आता घाण बाजू, ती लपवण्यात अर्थ नाही. ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्याला घाबरवायला प्रश्न टाकायचा आणि नंतर मांडवली करायची, हे धंदे चालतात अशी कुजबुज प्रत्येक अधिवेशनात असते. आणि कुजबुजच कशाला, १९५१ मध्ये खासदार एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची तळी उचलल्याचं चौकशीत निघालं, नेहरूंनी स्वतः हकालपट्टीचा ठराव आणला, मुद्गलांनी तो मंजूर व्हायच्या आधीच राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये तर छुप्या कॅमेऱ्यात पैसे घेऊन प्रश्न विचारणारे सापडले आणि ११ खासदारांना घरी पाठवलं, १० लोकसभेचे, १ राज्यसभेचा. पण यातूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं बघा. ज्या गोष्टीने काहीच होत नाही ती विकत घ्यायला कोण पैसे मोजेल?

आणि आळस तर आहेच. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, ते लॉटरीने निघतात, नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. त्यातले तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात ते जेमतेम पाच-सहा, बाकीच्यांचं लेखी उत्तर. म्हणजे नंबर लागणं नशिबाची गोष्ट. आणि २००९ च्या हिवाळी अधिवेशनात असं झालं होतं की नंबर लागलेले खासदारच एकामागून एक गैरहजर, तास मध्येच गुंडाळावा लागला. त्यानंतर नियम बदलला की विचारणारा नसेल तरी मंत्र्याने उत्तर द्यायचं आणि दुसऱ्यांनी उपप्रश्न विचारायचे.

तुम्हाला तुमच्या गावाचा प्रश्न लावून घ्यायचा असेल तर तक्रारीचं चार पानी पत्र आमदाराला देऊ नका, ते पीए वाचत नाही (मीच वाचत नव्हतो). एका पानावर गावाचं नाव, योजनेचं नाव, जीआर असेल तर त्याची तारीख, मंजूर रक्कम, काम कधी थांबलं, आधी कुणाकडे अर्ज केला त्याची पोच, एवढं द्या, आणि अधिवेशनाच्या बरंच आधी द्या. अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबईला किंवा नागपूरला येऊन भेटणाऱ्यांचे कागद लक्षवेधीला किंवा औचित्याच्या मुद्द्याला (म्हणजे अधिवेशन चालू असताना विषय मांडायच्या दुसऱ्या मार्गांना) कसेबसे जातात, तारांकितची वेळ केव्हाच गेलेली असते. कोर्टात चालू असलेलं प्रकरण असेल तर सोडून द्या, तो प्रश्न स्वीकारलाच जाणार नाही. स्थानिक आमदार सत्तेत असल्यामुळे टाळत असेल तर शेजारच्या मतदारसंघातला विरोधी आमदार गाठा, किंवा तुमच्या विभागाचे शिक्षक-पदवीधरचे विधान परिषद सदस्य, त्यांच्याकडे गर्दी कमी असते आणि त्यातले काही फार चिवट असतात.

उत्तरं विधानमंडळाच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये टाकतात, मराठीतच. तुमच्या तालुक्याचं नाव घालून शोधा. कुणीतरी आधीच विचारलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, आणि मंत्र्याने तेव्हा दिलेली तारीख उलटून गेली असेल तर पुढच्या पत्रात तेवढंच एक वाक्य जोडायचं.