'परतलेले', 'अनिवासी' की 'बांधव'?

एका वाचक ताई एका बातमीचं मराठी करत आहेत. त्यांचं वाक्य असं: 'परदेशातून कामासाठी परतणाऱ्या अनिवासी कोरियनांच्या व्हिसाचे नियम बदलले.' त्या विचारतात, "'अनिवासी कोरियन' कानाला खटकतंय, पण दुसरं काही सुचत नाही. मूळ कोरियन मजकुरात 'दोंगपो' असा शब्द आहे. त्याला मराठीत काय म्हणावं?"

ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं. 'अनिवासी' हा शब्द आपल्याकडे बँकेच्या आणि आयकराच्या कागदांतून बोलण्यात आला. अनिवासी भारतीय म्हणजे पासपोर्ट भारताचा, मुक्काम बाहेर. तुमच्या बातमीतली माणसं चीन, उझबेकिस्तान, कझाकस्तान अशा देशांची नागरिक आहेत. दक्षिण कोरियाचा कायदाही हे दोन गट वेगळे धरतो: नागरिकत्व राखून बाहेर राहणारे, आणि परदेशी नागरिकत्व असलेले दोंगपो. व्हिसाचा प्रश्न दुसऱ्यांचाच. पहिल्यांना आपल्याच देशात जायला व्हिसा कशाला लागेल?

आता 'दोंगपो'. हा शब्द चिनी लिपीतल्या दोन अक्षरांचा. 'दोंग' म्हणजे समान. 'पो'चं अक्षर जवळून पाहण्यासारखं आहे: डावीकडे मांसाची खूण, उजवीकडे गुंडाळण्याची. मिळून अर्थ होतो गर्भाला वेढणारं आवरण. म्हणजे दोंगपो हे एका गर्भातून आलेले. आपला 'सहोदर' घटकाला घटक तसाच बनलाय, सह आणि उदर. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता. तरी भाषांतरात 'सहोदर' घालू नका. मराठीत तो सख्ख्या भावापुरता उरलाय, अख्ख्या समाजाला लावला तर वाचक अडखळेल. 'भाऊबंद' म्हटलं की भाऊबंदकी आठवते. अर्थ आणि जिव्हाळा दोन्ही राखणारा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे, तो 'बांधव'. देशबांधव म्हणतो, तसे 'परदेशस्थ कोरियन बांधव'. बातमीत इतकी आपुलकी नको असेल, तर सरळ 'कोरियन वंशाचे परदेशी नागरिक' लिहा.

माझा खरा आक्षेप मात्र 'परतणाऱ्या' या शब्दाला आहे. परतायला आधी तिथून निघालेलं असावं लागतं. मध्य आशियातल्या कोरियनांना कोर्यो-साराम म्हणतात. त्यांचे पूर्वज १८६० च्या दशकापासून सीमा ओलांडून रशियाच्या अतिपूर्वेकडे गेले. १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकमाने त्यांतल्या सुमारे १,७०,००० जणांना रेल्वेगाड्यांत भरून उझबेकिस्तान-कझाकस्तानात नेऊन सोडलं. पूर्वजांपैकी बहुतेक हामग्योंग प्रांतातले, आणि तो आज उत्तर कोरियात आहे. ताश्कंदमध्ये जन्मलेला, घरात रशियन बोलणारा मुलगा सोलजवळच्या आनसानला कारखान्यात कामाला लागतो, तेव्हा त्याचं मूळ गावसुद्धा या देशात नसतं. त्याच्या घरची गाजराची कोशिंबीर, 'मॉर्कोव्ह-चा', हीसुद्धा तिकडेच जन्मली. नापा कोबी मिळेना म्हणून किमचीच्या जागी गाजर आलं, आणि नावात गाजराचा रशियन शब्द बसला. अशा माणसाला 'आला' म्हणावं. 'परतला' म्हटलं की त्याचा सगळा प्रवास पुसला जातो.

नियमांचा इतिहासही थोडा सांगतो, कारण सगळा वाद याच शब्दाच्या व्याप्तीचा आहे. १९९९ च्या कायद्याने दोंगपोंना सवलती दिल्या, पण १९४८ मध्ये कोरियाचं सरकार स्थापन होण्याआधी देश सोडलेले आणि त्यांची मुलंबाळं व्याख्येबाहेर ठेवली. म्हणजे अमेरिकेतले बहुतेक आत, चीन आणि रशियाकडचे बाहेर. एकाच गर्भाचे म्हणायचं आणि सख्खे-चुलत करायचं, असा तो प्रकार झाला. २००१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही व्याख्या घटनेशी विसंगत ठरवली, २००४ मध्ये दुरुस्ती झाली. तरीही व्हिसा दोन तऱ्हांचे राहिले. एफ-४ हा दोंगपोंचा मुख्य व्हिसा, पण त्यावर अंगमेहनतीच्या साध्या कामांना मनाई होती. २००७ मध्ये चीन आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्या बांधवांसाठी एच-२ सुरू झाला. त्याचं कोरियन नाव 'बांगमुन चुइओप', म्हणजे 'भेट आणि नोकरी'. पाहा, सरकारनेही इथे 'परतणं' म्हटलं नाही, 'भेट' म्हटलं. एच-२ वर बांधकाम, कारखाने, शेती, हॉटेलं अशी ठरावीक कामं करता येत.

सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट पिढ्यांची. व्याख्या तिसऱ्या पिढीवर थांबत होती. आईबापांबरोबर लहानपणीच आलेलं, कोरियन शाळेत शिकलेलं चौथ्या पिढीतलं मूल सज्ञान झालं की कायद्याने दोंगपो उरत नसे आणि त्याला देश सोडावा लागे. २०१९ मध्ये ही मर्यादा काढून थेट वंशजांना, पिढी कुठलीही असो, व्याख्येत घेतलं. त्याआधी अशा मुलाबद्दल 'मायदेशी परत पाठवलं' असं लिहायचं म्हटलं, तर मायदेश कुठला म्हणायचा? मला तरी ते लिहायला हात धजावला नसता.

आपल्याकडे मॉरिशसचे मराठी आठवा. २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओळखपत्र) मिळेल असं जाहीर केलं. तिथलं एखादं कुटुंब कोकणात आलं, तर गाववाले 'परतले' म्हणत नाहीत, 'पूर्वजांच्या गावाला आले' म्हणतात. गाववाल्यांचा हा नेमकेपणा मला तुमच्या वाक्यात हवा आहे.

जाता जाता एक. एफ-४ संबंधी मजकुरात 'दानसुन नोमु' असा शब्द भेटेल. शब्दशः 'साधं श्रमकाम'. पण 'साधी कामं' लिहिलंत तर वाचक सोपी कामं समजेल, आणि ती सोपी मुळीच नसतात. हमाली, साफसफाई, पॅकिंग अशी कामं त्यात येतात. 'अकुशल काम' सरकारी कागदात चालतं, बातमीत मी 'मोलमजुरी' लिहीन.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'कामासाठी कोरियात येणाऱ्या कोरियन वंशाच्या परदेशी नागरिकांच्या व्हिसाचे नियम बदलले.' पुढे मजकुरात पहिल्यांदा 'दोंगपो' आला की 'दोंगपो, म्हणजे परदेशस्थ बांधव' असं एकदा सांगा आणि मग 'दोंगपो'च ठेवा.