जुना पोकेमॉन घेताय? आधी बॅटरी बघा
गेम बॉयवरच्या पोकेमॉन गोल्ड किंवा सिल्व्हर गेमचं मूळ कार्ट्रिज घेणार असाल तर आधी गेम सेव्ह करा, बंद करा आणि थोड्या वेळाने पुन्हा लावा. 'कंटिन्यू' दिसलं नाही, तर आतली सीआर२०२५ बॅटरी संपलीय. या गेममधलं घड्याळही तिच्यावरच चालतं, म्हणून ती आधीच्या पोकेमॉन रेड-ब्लू गेमपेक्षा लवकर बसते. मागचा स्क्रू ३.८ मिमीच्या गेमबिटने (अशा स्क्रूसाठीचं खास टोक) उघडतो. बॅटरी टॅबवालीच (धातूच्या पट्ट्या जोडलेली) घ्या आणि सोल्डर करा. चिकटपट्टीने लावलेली सैल होते नि सेव्ह उडतं. जुनं सेव्ह मात्र बॅटरी काढताच जातं, ते धरूनच चला.

रेड-ब्लू खेळणार असाल तर पहिला पोकेमॉन म्हणून बल्बासॉर निवडा. १३व्या लेव्हलला व्हाइन व्हिप हा हल्ला मिळाला की पहिला जिम लीडर ब्रॉक याचा पोकेमॉन ऑनिक्स आडवा! आणि हो, पकडलेले पोकेमॉन ठेवायच्या बॉक्समध्ये २० भरले की गेममधल्या पीसीवर जाऊन तो स्वतःच बदलावा लागतो.