स्टेंट बसला, ईएफ ३५ आहे: पुढे काय?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील ६१ वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी हृदयाच्या समोरच्या भिंतीचा हार्ट अटॅक, पाच तासांनी हॉस्पिटलात पोचले, एलएडीत (हृदयाच्या समोरच्या भिंतीला रक्त देणारी वाहिनी) स्टेंट टाकला. डिस्चार्जच्या इकोत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ ३५, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं ३५ टक्के रक्तच बाहेर ढकलतंय. आरसीएत (उजवीकडची वाहिनी) ६० टक्के ब्लॉक शिल्लक. काका म्हणतात ड्रिप लावून ब्लॉक विरघळवणाऱ्या क्लिनिकला जाऊ, आणि भावाने स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी सोडून हृदयाचा स्नायू नवा करण्याची, जाहिरात पाठवलीय. मी डॉक्टर नाही, निवृत्त होईपर्यंत कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन होतो. औषधांचं तुमचे कार्डिऑलॉजिस्टच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं ते सांगतो.

ईएफ ३५ पाहून घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय, म्हणून आधी तेच. स्टेंटने वाहिनी उघडते. ती बंद असताना स्नायूचं जे झालं ते स्टेंट पुसून टाकत नाही. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवला की वाहिनी काही सेकंद पूर्ण बंद होते. मॉनिटरवर ईसीजीच्या रेघेतला एसटी नावाचा भाग वर चढू लागतो, टेबलावरचा माणूस ‘छाती भरून आली’ म्हणतो, आणि फुगा सोडला की थोड्याच वेळात रेघ खाली येते. तेवढ्यात स्नायू मरत नाही, फक्त काम सोडतो. बंद राहण्याचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे गेला की आतल्या थरापासून मरायला सुरुवात होते आणि काही तासांत ते बाहेरच्या थरापर्यंत पोचतं. पाच तास म्हणजे काही भाग गेला, हे धरून चाला. पण सगळा गेलेला नसतो. जिवंत असून आकुंचन न पावणारा बराच स्नायू त्या भिंतीत असू शकतो आणि तो सावरायला आठवडे, कधी महिने लागतात.

म्हणून डिस्चार्जचा ईएफ म्हणजे निकाल नव्हे. औषधं नीट बसल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवायचं का, हेही तेव्हाच ठरतं. अटॅकनंतर निदान ४० दिवस आणि स्टेंटनंतर तीन महिने थांबायची पद्धत आहे. इको शक्यतो त्याच ठिकाणी करा. डोळ्यांनी अंदाजलेला ईएफ दोन डॉक्टरांच्या हातात पाच आकड्यांनी सहज इकडेतिकडे होतो. आकड्यापेक्षा रिपोर्टमधली भिंतींची ओळ वाचा. ‘हायपोकायनेटिक’ म्हणजे भिंत हलते पण कमी, आशेला जागा आहे. ‘अकायनेटिक’ म्हणजे न हलणारी, त्याच्या पुढे ‘थिन्ड, स्कार्ड’ लिहिलं असेल तर तिथे व्रण झालाय. शंका उरली तर कार्डिॲक एमआरआय करतात. त्यात व्रण पांढरा उमटतो, आणि तो भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत असेल तर तो भाग सावरायची शक्यता कमी.

सावरायला मदत करतात त्या गोळ्या. चार गटांतल्या: रामिप्रिलसारखी किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, एक बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची मधुमेहाची म्हणून ओळखली जाते, पण साखर नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात. ‘बाबांना शुगर नाही, ही कशाला’ म्हणत कुणीतरी ती बंद करतंच! सगळ्या लहान डोसने सुरू होतात आणि हळूहळू वाढवतात. बीपी १०० च्या आसपास आहे एवढ्यावरून शेजारी बंद करायला सांगतील. चक्कर येत नसेल तर डॉक्टर बहुधा चालू ठेवतात. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) मात्र वेळोवेळी तपासायला हवं.

आरसीएचं ६० टक्के हे अँजिओग्राफीच्या फिल्मवर पाहून सांगितलेलं आहे. त्याने रक्त खरंच अडतं का, ते एफएफआरने कळतं: ब्लॉकच्या पलीकडे दाब मोजणारी तार सरकवतात, ०.८० किंवा खाली आलं तर अडतं. ‘एफएफआर केलं का?’ एवढं विचारा. २०१९ च्या ‘कम्प्लीट’ नावाच्या, रुग्णांवर झालेल्या चाचणीत अटॅकच्या रुग्णांमध्ये उरलेल्या मोठ्या ब्लॉकचाही स्टेंट केल्याने पुढचे अटॅक कमी झाले, पण तिथे ५० ते ६९ टक्क्यांच्या ब्लॉकला एफएफआरची अट होती. अटॅक न येता, फक्त चालताना छातीत दुखणाऱ्यांचा मामला वेगळा. त्यांच्यात ‘इस्केमिया’ नावाच्या अशाच चाचणीत सरसकट स्टेंट-बायपासने मृत्यू घटले नाहीत, दुखणं कमी झालं. कुणी ‘माझ्या मेव्हण्याला स्टेंटची गरजच नव्हती’ म्हणालं तर ती गोष्ट तुमच्या वडिलांना लागू होत नाही.

आता काकांची ड्रिप. ती ईडीटीएची, म्हणजे चिलेशन. शिसं शरीराबाहेर काढायला हे औषध चांगलं आहे. २०१३ च्या ‘टॅक्ट’ नावाच्या चाचणीत हृदयरोग्यांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना थोडा फायदा दिसला होता, क्लिनिकवाले तोच दाखवतात. मग फक्त मधुमेही अटॅक रुग्णांवर टॅक्ट-२ झाली, ४० ड्रिप देऊन. २०२४ च्या निकालात फायदा शून्य. ब्लॉक खरोखर किंचित आकसतो तो स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या मोठ्या डोसने, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली नेल्यावर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं वरचं कवच घट्ट होतं, फुटत नाही. ड्रिपच्या पैशांत वर्षानुवर्षांची ॲटॉर्व्हास्टॅटिन येईल.

स्टेम सेल. २००९ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून मोजलं: पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींतल्या वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणजे मेलेला मोठा भाग आपोआप भरून येत नाही. हृदयात स्टेम सेल सापडल्याचा दावा करणाऱ्या पिएरो अन्वर्सा यांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं २०१८ मध्ये खुद्द हार्वर्डने सांगितलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूचे तुकडे हृदयावर लावायच्या चाचण्या जर्मनी आणि जपानमध्ये झाल्या आहेत. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार हृदयासाठी स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. जाहिरातवाल्यांकडे सीटीआरआयचा (अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. पॅकेजचा भाव सांगू लागले तर फोन ठेवा.

आणि तुम्ही न विचारलेलं एक: ॲस्पिरिनसोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, म्हणजे गुठळी रोखणारी गोळी, डेंटिस्टच्या सांगण्यावरून थांबवू नका, आधी कार्डिऑलॉजिस्टला फोन करा. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा थेट अटॅक. वजनकाटा घ्या, रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर त्याच दिवशी दाखवा. छातीत पुन्हा दुखलं तर रिक्षा शोधू नका, १०८ लावा.